जुन्या घरातली बुरशी: तपासणी, लॅबचा अहवाल आणि दोन साधी मीटरं, सहाएक महिन्यांनंतर

घर जुनं, उपनगरातलं, बैठं. मूळच्या भिंती चुन्याच्या गिलाव्याच्या. त्यांवर पुढे कुणी सिमेंट थापलं, कुणी ऑइलपेंट चढवला, मागे दोन खोल्या वाढवल्या. कुबट वास सगळ्यांना यायचा, पण कुठून येतो हे कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून चार गोष्टींवर पैसे घातले: घरच्या घरी बशीत (पेट्री डिशमध्ये) बुरशी उगवून बघायचा किट, हवेच्या नमुन्यांसकट व्यावसायिक तपासणी, भिंतीतली ओल मोजणारं पिनांचं मॉइश्चर मीटर आणि हवेतली आर्द्रता मोजायला खोल्यांत ठेवायचे तीन छोटे हायग्रोमीटर. यातलं साधं सामान सगळ्यात जास्त उपयोगी पडलं आणि सगळ्यात शास्त्रीय दिसणारा कागद सगळ्यात कमी.

किटचं दोन ओळींत आटपते. बशीचं झाकण उघडून ठेवायचं, मग बंद करून काही दिवस वाट बघायची. उगवतं, हमखास उगवतं, कारण बुरशीचे बीजाणू घराबाहेरच्या हवेतही कायम असतातच. शिवाय जड बीजाणू बशीत पटकन पडतात, हलके तरंगत राहतात, आणि किती हवेतून किती पडले याचा काही हिशोबच नसतो. बशी स्वच्छ राहिली असती तर मला जास्त नवल वाटलं असतं. घेऊ नका.

तपासणीसाठी आधी एका कंपनीचा माणूस ‘मोफत’ येऊन गेला. एकही कपाट न सरकवता त्याने पूर्ण घराच्या धुरीकरणाचं कोटेशन पुढे केलं. जो तपासतो तोच साफसफाईचं कंत्राट घेणार असेल, तर त्याला बुरशी सापडणं भागच आहे. अमेरिकेतल्या टेक्सास आणि फ्लोरिडासारख्या राज्यांत एकाच कामात तपासणी आणि निर्मूलन एकाच कंपनीने करायला कायद्यानेच बंदी आहे, ती उगाच नाही. मग फक्त तपासणी करणारे शोधले.

हे गृहस्थ आले ते आधी घरात शिरलेच नाहीत. बाहेरून पूर्ण फेरी मारली. पन्हळीचं पाणी कुठे पडतं, जमिनीचा उतार घराकडे आहे की घरापासून दूर, जोत्याला माती किती उंचीपर्यंत भिडली आहे, हे सगळं पाहिलं. आत आल्यावर दिवे बंद करायला लावले आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा प्रकाश टाकला. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवरचे फुगवटे, पोपडे, जुन्या डागडुजीच्या कडा एकदम सावल्या टाकत वर आल्या. एवढी एक युक्ती तरी आजच करून बघा, पैसे लागत नाहीत. मग म्हणाले, “ताई, हे कपाट जरा पुढे घेऊया.” बाहेरच्या भिंतीला चिकटून वर्षानुवर्षं उभं असलेलं कपाट. त्याच्या पाठीवर खालपासून गुडघ्यापर्यंत करडी-काळी साय धरलेली.

थर्मल कॅमेराही होता. त्याचं कौतुक मला जरा जास्त वाटत होतं, ते त्यांनीच कमी केलं. कॅमेऱ्याला तापमान दिसतं, पाणी दिसत नाही. ओल असलेली जागा बाष्पीभवनाने थंड होते म्हणून निळी दिसते, पण बाहेरच्या दोन भिंती जिथे मिळतात तो कोपरा कोरडा असूनही निळाच दिसतो. त्यामुळे प्रत्येक निळ्या डागावर ते मीटर टेकवत आणि मगच बोलत. कॅमेऱ्याचे रंगीत फोटो दाखवून घाबरवणारा कुणी आला, तर मीटरचा आकडा मागा.

आता हवेचे नमुने. छोटा पंप मिनिटाला 15 लिटर हवा ओढतो, पाच मिनिटांत 75 लिटर. ही हवा एका कॅसेटमधल्या चिकट पट्टीवर आदळते, बीजाणू चिकटतात आणि लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली मोजले जातात. एक नमुना घराबाहेरचाही घेतात, तुलनेसाठी. तो घेत नसतील तर बाकीच्या आकड्यांना काही अर्थ नाही. अहवालात प्रत्येक प्रकारापुढे ‘दर घनमीटर इतके’ असा आकडा येतो आणि तिथेच फसगत होते. 75 लिटरमध्ये दिसलेला एक बीजाणू घनमीटरच्या हिशोबात 13 होतो. तीन दिसले की 40. म्हणजे एका खोलीत 13 आणि दुसऱ्या खोलीत 40 हे वाचून आपण तिप्पट बुरशी म्हणून हादरतो, आणि प्रत्यक्षात फरक दोन बीजाणूंचा असतो. तेवढा फरक मधून कुणी चादर झटकली तरी पडेल.

आमच्या अहवालात बाहेर क्लॅडोस्पोरियम नावाची बुरशी जास्त होती, ती बाहेरच्या हवेत असतेच. मागच्या खोलीत ‘ॲस्परजिलस/पेनिसिलियम-सदृश’ बीजाणू बाहेरच्यापेक्षा ठळकपणे जास्त. या दोन बुरश्यांचे बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे ओळखता येत नाहीत, म्हणून जोडनाव. आता हे जास्त म्हणजे किती वाईट? याला मापच नाही. अमेरिकेच्या ईपीएने (तिथल्या सरकारी पर्यावरण संस्थेने) घरातल्या बुरशीसाठी मर्यादा ठरवलेली नाही आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांतही सुरक्षित आकडा नाही. त्यांचा भर आहे तो ओल आणि बुरशी होऊच न देण्यावर, झाली तर काढण्यावर. ईपीए तर स्पष्ट म्हणते की बुरशी डोळ्यांना दिसत असेल तर बहुतेक वेळा नमुने घ्यायची गरज नसते. अहवाल हातात येईपर्यंत कपाटाची पाठ आम्ही पाहिलेलीच होती. अहवालाने तीच बातमी लॅटिनमध्ये दिली.

तरी चाचणी सरसकट वाया असं मी म्हणणार नाही. वास आहे पण काहीच दिसत नाही, किंवा साफसफाई नीट झाली का हे त्रयस्थाकडून पाहायचं आहे, किंवा घरमालक-भाडेकरू वादात कागद लागणार आहे, तर जरूर करा. चिकटपट्टीचा नमुना मला त्यातल्या त्यात आवडला. संशयित डागावर पारदर्शक टेप दाबून तीच लॅबला द्यायची. छतावरच्या ज्या काळ्या रेषांना घरातले सगळे बुरशी समजत होते, ती थंड पट्ट्यांवर बसलेली काजळी आणि धूळ निघाली. धुरापायी छत फोडायचं वाचलं.

‘काळी बुरशी’ म्हटलं की लोक दचकतात, म्हणून एवढं सांगते. कोविडच्या काळात गाजलेला म्यूकरमायकोसिस वेगळा, त्याचा भिंतीवरच्या डागांशी संबंध जोडू नका. आणि रंगावरून प्रकार ओळखता येत नाही. काळ्या दिसणाऱ्या बुरश्या पुष्कळ आहेत. इंटरनेटवर ज्या स्टॅकीबॉट्रिसची भीती घालतात तिला कागद, पुठ्ठा, जिप्सम बोर्डाचा कागदी थर असं काहीतरी चांगलं भिजलेलं लागतं. तिचे बीजाणू चिकट असतात, सहज हवेत उडत नाहीत, त्यामुळे ती असूनही हवेच्या नमुन्यात न सापडण्याची शक्यता असते. कुठलीही असो, काढायचीच असते. घरात दमा किंवा ॲलर्जी असलेलं कुणी असेल तर लवकर.

आता मॉइश्चर मीटर. दोन पिना खुपसायच्या, मधला विद्युतरोध मोजला जातो, ओलं असेल तितका रोध कमी. आकडे लाकडासाठी जुळवलेले असतात. दाराच्या चौकटीत वर 12 टक्के आणि तळाशी 23 असं आलं, तेव्हा तळाचं लाकूड धोक्यात हे उघड होतं. 20 च्या वर गेलं की बुरशीला आणि कुजण्याला वाव मिळतो. गिलाव्यावर मात्र हे टक्के खरे नाहीत. तिथे फक्त तुलना करायची, इथे जास्त, तिथे कमी. मी भिंतीवर पेन्सिलीने हातभर अंतराच्या चौकटी आखल्या आणि प्रत्येक चौकटीत आकडा आणि तारीख लिहीत गेले. भिंत हिशोबाच्या वहीसारखी दिसायला लागली, पण नकाशा आपोआप उमटला. जोत्याच्या भिंतीत तळाशी जास्त आणि वर जाताना कमी कमी होत मीटरभर उंचीवर थांबलेलं: जमिनीतून चढणारी ओल. बाथरूमच्या भिंतीत मात्र कमरेच्या उंचीवर एक बेट, वर कोरडं, खाली कोरडं, मध्ये मीटर किंचाळतंय. तिथे टाइल काढली तर आतल्या पाइपचा सांधा पाझरत होता. त्याचं पाणी बाहेर कधी टपकलंच नव्हतं, गिलावाच पीत बसला होता.

एक सावधगिरी. लोणा लागलेल्या भिंतीवर हे मीटर खोटं बोलतं. क्षारांमुळे वीज सहज वाहते आणि भिंत असते त्यापेक्षा ओली दाखवली जाते. पांढरी पूड बुरशी की लोणा अशी शंका असेल तर पाण्याचा थेंब टाका, लोणा विरघळतो. बिनपिनांचं मीटरही वापरून पाहिलं. भोकं पडत नाहीत हे खरं, पण गिलाव्याखालची जाळी किंवा खिळा आला की तेही ओल ओरडतं.

हायग्रोमीटर आल्या आल्या तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थोडंसं पाणी, चिखल होईल इतपतच, विरघळू द्यायचं नाही. झाकण आणि हायग्रोमीटर हवाबंद डब्यात रात्रभर ठेवायचे. आतली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. माझ्या तिघांपैकी एक 75, एक 77 आणि एक 69 दाखवत होता. त्या तिसऱ्यावर ‘+6’ अशी चिठ्ठी डकवली, आजही तसाच चालतोय.

कपाटाचं कोडं यांनीच सोडवलं. खोलीत 24 अंश आणि 60 टक्के आर्द्रता, म्हणजे कागदावर ठीकच. पण कपाटामागे हवा खेळत नाही, भिंत बाहेरून थंड. तीच हवा 19 अंशांच्या भिंतीला लागली की तिथली आर्द्रता 80 टक्क्यांवर जाते, आणि बुरशीला तेवढं पुरतं. पाण्याचा थेंबही दिसावा लागत नाही. म्हणजे इथे गळती नव्हतीच. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे घेतलं, ओले कपडे त्या खोलीत वाळवणं बंद केलं, आंघोळीनंतरही एक्झॉस्ट पंखा चालू ठेवायला लागलो. खोली आता पन्नाशीत असते. 60 च्या खाली हवंच, 30 ते 50 मध्ये राहिलं तर उत्तम.

साफसफाई आम्हीच केली, कारण डाग एक चौरस मीटरहून लहान होते. त्याहून मोठं असेल तर जाणकार बोलवा. एन-95 मास्क, हातमोजे, गॉगल, साबणाचं पाणी आणि मग खडखडीत कोरडं करणं. ब्लीच लागत नाही. मेलेल्या बुरशीनेही ॲलर्जी होते, त्यामुळे मारण्यापेक्षा पुसून काढणं महत्त्वाचं. कपाटाची प्लायवुडची पाठ टाकूनच दिली, सच्छिद्र लाकडात आत गेलेलं पुसून निघत नाही. जुना रंग कोरडा खरवडू नका, त्यात शिसं असू शकतं.

सध्या मागच्या खोलीत पुन्हा काही उगवलेलं नाही. बाथरूमच्या भिंतीचे आकडे शेजारच्या भिंतीच्या जवळ यायला फार वेळ लागला. ओलं झालेलं सामान 24 ते 48 तासांत वाळवा हा नियम ताज्या ओलीसाठी आहे, वर्षानुवर्षं पाणी प्यायलेली भिंत आपल्या वेगाने सुकते, तोवर तिच्यावर रंग लावायचा नाही. जोत्याची भिंत अजून तशीच आहे. तिथला ऑइलपेंट आणि सिमेंट काढून पुन्हा चुन्याचा गिलावा करायचा आहे, पण त्याआधी बाहेरची माती खाली घेऊन उतार फिरवायला हवा, आणि ते काम रखडलंय. मीटरची पिनांवरची टोपी पहिल्याच महिन्यात हरवली. बॅटरी उतरली की आकडे भलतेच येतात, म्हणून दर वेळी आधी कोरड्या लाकडाच्या एका तुकड्यावर टेकवून बघते.