ॲब्सोल्यूट बॅटमॅन की अल्टिमेट स्पायडर-मॅन: महिन्याच्या अंकाची परीक्षा

सुपरहिरो कॉमिक्स वाचणारे चार जण जमले आणि 'सध्याची सगळ्यात भारी मालिका कोणती' हा विषय निघाला, की वाद हमखास दोन नावांवर येऊन अडतो. अमेरिकी प्रकाशक डीसीची 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' आणि प्रतिस्पर्धी मार्व्हलची 'अल्टिमेट स्पायडर-मॅन'. दोन्ही २०२४ मध्ये सुरू झालेल्या, स्पायडर-मॅन जानेवारीत आणि बॅटमॅन ऑक्टोबरात. दोन्हींत जुनाच नायक उचलून नव्या विश्वात (डीसीचं 'ॲब्सोल्यूट', मार्व्हलचं 'अल्टिमेट') पहिल्यापासून मांडलाय. भांडणारे मात्र बहुतेक वेळा नुसत्या कल्पना एकमेकींसमोर ठेवतात: श्रीमंत नसलेला बॅटमॅन भारी, की दोन पोरांचा बाप असलेला स्पायडर-मॅन? कल्पना दोन्ही फक्कड आहेत, पण कल्पना पहिल्या अंकातच खर्ची पडते. पुढे दर महिन्याला वीस-बावीस पानांत हाती काय पडतं, यावर मालिका तोलायला हवी. तसं तोललं तर बॅटमॅनचं पारडं जड आहे.

'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'चं लेखन स्कॉट स्नायडरचं, चित्रं निक ड्रॅगोटाची, रंग फ्रँक मार्टिनचे. इथला ब्रूस वेन चोवीस वर्षांचा आहे. हवेली नाही, बटलर नाही, पैसाही नाही. वडील शाळेत मास्तर होते, मुलांची सहल घेऊन प्राणिसंग्रहालयात गेले असताना गोळीबारात गेले. आई मात्र जिवंत आहे, आणि हा बदल गरिबीपेक्षा मोठा आहे. पोरगा रात्री काय करतो हे जिच्यापासून लपवायचं, असं घरचंच एक माणूस आहे. ब्रूस शिकून इंजिनियर झालाय, त्यामुळे गोथमच्या इमारती, पूल, भुयारं त्याला आतून ठाऊक आहेत. आल्फ्रेड, म्हणजे मूळ कथांतला बटलर, इथं ब्रिटिश गुप्तहेर आहे आणि पहिला अंक त्याच्याच निवेदनातून उलगडतो. पुढे पेंग्विन, रिडलर, टू-फेस, किलर क्रॉक हे खलनायक होणारी मंडळी इथं ब्रूसची लहानपणीची दोस्त आहेत, एकत्र पत्ते कुटणारी. यातला कोण कधी बिघडणार, ही टांगती तलवार लेखकाला फुकटात मिळालीये, आणि तो ती पुरेपूर वापरतो.

पण ही मालिका उभी आहे ती ड्रॅगोटावर. त्याचा बॅटमॅन भिंतीसारखा रुंद, छातीवर चौकोनी, अगडबंब वटवाघूळ. ते चिन्ह निघतं आणि कुऱ्हाडीचं पातं होतं. डोक्यावरचे कान उपसले की सुरे. पोशाखाचा एकेक भाग म्हणजे हत्यार, आणि गंमत अशी की हे कुठेही समजावून सांगत बसलेलं नाही. मारामारीच्या चौकटीतच ते कळतं. त्याची पानं दाट असतात. एका पानावर बारीक बारीक चौकटींची रांग, आणि पान उलटलं की अख्खं पान व्यापणारा एकच फटका. श्वास कोंडायचा आणि मग सोडायचा, हा ताल मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स वाचणाऱ्यांना लगेच ओळखू येईल. त्यामुळे अंक पानांनी इतरांएवढाच असला, तरी वाचायला जास्त वेळ पुरतो. सात मिनिटांत अंक संपला म्हणून कपाळाला हात लावणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचं आहे.

मासिक कॉमिक्सचं मोठं दुखणं म्हणजे चित्रकार. एका माणसाला महिन्याला वीस पानं काढणं जेमतेम जमतं, आणि वर्षभर तर जमतच नाही. मग बदली चित्रकार येतो आणि ऐन रंगात आलेल्या लढाईत नायकाचा चेहराच बदलतो. बॅटमॅनच्या संपादकांनी यावर साधा तोडगा काढलाय: मुख्य कथा ड्रॅगोटाकडेच ठेवायची आणि त्याला विश्रांती द्यायची तेव्हा वेगळं, सुटं प्रकरण पाहुण्याला द्यायचं. चौथा अंक गॅब्रिएल हर्नांडेझ वॉल्टानं काढलाय, तो भूतकाळातला. मिस्टर फ्रीझ या खलनायकाचे सातवा-आठवा अंक मार्कोस मार्टिनकडे, तिथं थंड, मोकळी, जवळजवळ भयकथेची शैली शोभूनच दिसते. नवव्यापासून बेन (Bane) हा खलनायक येतो आणि ड्रॅगोटाही परततो. बदल खटकत नाही, कारण कथेनंच तो मागून घेतलाय.

दोष? आहेत. स्नायडरला स्वगत आवरत नाही. चित्रानं सांगून झालेली गोष्ट निवेदनाच्या चौकटीत पुन्हा येते. पहिल्या सहा अंकांचा खलनायक ब्लॅक मास्क पैसे वाटून लोकांना हिंसेला लावतो, ही कल्पना धारदार, पण माणूस म्हणून तो कागदीच राहतो. आणि बेनचं प्रकरण चांगलंच क्रूर आहे, शरीराची विटंबना आहे. 'बॅटमॅन आहे ना, मग घे' म्हणून दहा वर्षांच्या पोराच्या हातात देऊ नका.

आता स्पायडर-मॅन. लेखक जॉनथन हिकमन, चित्रकार मार्को केकेट्टो, मधले काही अंक डेव्हिड मेसिनाचे. पीटर पार्कर पस्तिशीतला आहे, मेरी जेनशी संसार, रिचर्ड आणि मे ही दोन मुलं. मूळ कथेच्या उलट, पीटरला वाढवणारे अंकल बेन जिवंत, आंट मे गेलेली. बेन आणि जे. जोना जेमसन हे दोन म्हातारे जुनी नोकरी सोडून स्वतःचं वृत्तपत्र काढतात, आणि खरं सांगायचं तर मालिकेतली सगळ्यात जिवंत जोडी हीच आहे. चौथा अंक जवळजवळ पूर्ण एका जेवणाच्या टेबलावर घडतो: पीटर, मेरी जेन, हॅरी ऑस्बॉर्न आणि त्याची बायको ग्वेन. एक ठोसा नाही, तरी पान सोडवत नाही. पहिले सहा अंक सलग वाचले तर 'सध्याची सर्वोत्तम' म्हणणाऱ्यांचं म्हणणं पटतं.

घोळ पुढे होतो, आणि त्याचं कारण मालिकेच्या सांगाड्यातच आहे. या विश्वातला मुख्य खलनायक मेकर दोन वर्षं कोंडलेला आहे, आणि कथेतला काळ वाचकाच्या काळाबरोबर चालतो: महिन्याला एक अंक, कथेतही एक महिना. कागदावर झकास. प्रत्यक्षात होतं असं की एका अंकाच्या शेवटी कोणी संकटात सापडतं, आणि पुढचा अंक उघडावा तर मधले तीस दिवस उलटून गेलेले. लढाई झालेली असते, जखमा भरलेल्या असतात, आणि आपल्याला ते दोन संवादांत कळतं. संसाराच्या गोष्टीला हा काळ मानवतो, मारामारीच्या गोष्टीला नाही. किंगपिन या गुंडांच्या म्होरक्याचा धागा याच कारणानं ताणला जातो आणि सैल पडतो. मार्व्हलनं ही मालिका चोविसाव्या अंकावर संपवायचं ठरवलं, तेही याच हिशेबानं, दोन वर्षांचे चोवीस महिने. म्हणून ही मालिका सुटे अंक गोळा करत वाचण्याची नाही, खंडात वाचण्याची आहे. पहिल्या खंडात १ ते ६, दुसऱ्यात ७ ते १२. पहिला डोळे मिटून घ्या. दुसरा आधी चाळून बघा.

या दोघांच्या भांडणात तिसरं नाव दबून जातं, आणि नुसती चित्रकला मोजायची तर पहिला नंबर त्याचाच: 'ॲब्सोल्यूट मार्शियन मॅनहंटर'. लेखक डेनिझ कॅम्प, चित्रं आणि रंग दोन्ही हाव्हिएर रॉड्रिगेझ. मार्च २०२५ मध्ये सहा अंकांची म्हणून सुरू झाली, मग बारापर्यंत वाढवली. जॉन जोन्स हा एफबीआयचा अधिकारी बॉम्बस्फोटातून वाचतो आणि त्याच्या डोक्यात कोणीतरी परका राहायला येतो. त्यानंतर त्याला माणसांचे विचार दिसू लागतात, रंगीत धुरासारखे. रंग इथं सजावट नाहीत, तीच कथेची भाषा आहे. कोणाच्या डोक्यातून कोणत्या रंगाचा धूर निघतो आणि तो कोणाच्या धुरात मिसळतो, हे पाहिलं नाही तर अर्धी गोष्ट हातून निसटते. ही फोनवर वाचू नये. चौकट मोठी करत पुढे सरकणारी सोय या पानांचा चुराडा करते, कारण चौकटी सरळ रांगेत नाहीतच. काळ्या-पांढऱ्या किंडलवर वाचणं म्हणजे तर गाणं आवाज बंद करून ऐकणं. दहा इंची टॅब किंवा छापील प्रत, तिसरा पर्याय नाही.

'ॲब्सोल्यूट वंडर वुमन'ला (केली थॉम्पसन, हेडन शर्मन) २०२५ चा सर्वोत्तम नव्या मालिकेचा आयझनर हा कॉमिक्समधला मानाचा पुरस्कार मिळाला, आणि तो उगाच मिळालेला नाही. डायना, म्हणजे वंडर वुमन, इथं नरकात वाढलीये, सर्सी या चेटकिणीच्या मांडीवर. 'ॲमेझॉन' हा तिच्या जमातीचा शब्द उच्चारायलाही बंदी. एवढं असूनही ती कडवट नाही, दयाळू आहे, आणि ते गुळचट होत नाही, हे कौशल्य. नव्या वाचकाला एकच खंड द्यायचा असेल तर हा द्यावा. 'ॲब्सोल्यूट सुपरमॅन' (जेसन आरन, राफा सँडोव्हाल) क्रिप्टॉन या त्याच्या जन्मग्रहावरच्या कष्टकऱ्यांची बाजू घेतो, पण सुरुवातीचे अंक पृथ्वी आणि क्रिप्टॉन यांत इतकी ये-जा करतात की महिन्यानं वाचणाऱ्याचा धागा तुटतो. तोही खंडातच. मार्व्हलकडची 'अल्टिमेट्स', पुन्हा डेनिझ कॅम्पचीच, स्पायडर-मॅनच्या सावलीत राहिली. खरं तर काळाच्या त्याच अटीशी तिनं जास्त हुशारीनं जमवून घेतलं, प्रत्येक अंक जवळपास स्वतंत्र कथा करून.

खरेदी करताना नावांचा सापळा आहे, तो आधी ओळखा. डीसीच्या जाड, मोठ्या आकाराच्या, खोक्यात येणाऱ्या संग्राहक आवृत्त्यांना कितीतरी वर्षांपासून 'ॲब्सोल्यूट एडिशन' म्हणतात. त्यामुळे 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन' शोधलं की जुन्याच बॅटमॅनचे महागडे ठोकळे समोर येतात. लेखक स्नायडर आणि चित्रकार ड्रॅगोटा ही दोन नावं एकत्र असतील, खंडाचं नाव 'द झू' असेल, तरच तो पहिला खंड. त्यात १ ते ६ अंक आहेत. स्पायडर-मॅनचंही तेच: २००० साली सुरू झालेली ब्रायन मायकेल बेंडिसची 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' अजून विक्रीत आहे आणि तिच्यात पीटर शाळकरी पोरगा आहे. हिकमनचं नाव बघून घ्या.

सुटे अंक पहिल्या छपाईचे म्हणून चढ्या भावानं विकले जातात. मुखपृष्ठावरून फसू नका, बारकोड बघा. मुख्य बारकोडच्या उजवीकडे पाच आकडी छोटा कोड असतो. पहिले तीन आकडे अंकाचा क्रमांक, चौथा मुखपृष्ठाचा प्रकार, पाचवा छपाई. '००१११' म्हणजे पहिला अंक, मुख्य मुखपृष्ठ, पहिली छपाई. शेवटी २ असेल तर दुसरी. 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'चा पहिला अंक पुन्हा पुन्हा छापला गेलाय, तेव्हा विक्रेत्यानं या कोपऱ्याचा फोटो पाठवला नाही तर पैसे पाठवू नका. 'एकास पंचवीस' व्हेरियंट (वेगळ्या मुखपृष्ठाची प्रत) म्हणजे दुकानदारानं साध्या पंचवीस प्रती मागवल्या तर त्याला मिळणारी एक प्रत. आतली पानं तीच. वाचायला घेत असाल तर त्यासाठी एक रुपयाही जास्त मोजायचं कारण नाही. 'न्वार' आवृत्ती मात्र खरंच वेगळी, रंगांशिवाय. ड्रॅगोटाची शाई बघायची असेल तर घ्या, पण पहिलं वाचन रंगीतच करा, नाहीतर फ्रँक मार्टिनचं काम हुकेल.

मार्व्हलचं बहुतेक सगळं त्यांच्या 'मार्व्हल अनलिमिटेड' या वर्गणीच्या ॲपवर छापील अंकानंतर तीन महिन्यांनी येतं. अल्टिमेट विश्वातल्या सगळ्या मालिका वाचायच्या असतील तर तोच स्वस्तातला रस्ता.

सुटे अंक घरी ठेवणार असाल तर प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत, मागे आम्लरहित पुठ्ठा, आणि अंक उभे. आडवी थप्पी लावली की खालच्यांचे कणे वाकतात. मुंबईत आणि कोकणात जूनपासून हवेतला ओलावा पानं लाटांसारखी करतो, म्हणून पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळाभर अधूनमधून बदलत राहा. पिशवीचं तोंड चिकटपट्टीनं बंद करताना पट्टी मागच्या बाजूला येऊ द्या. काढताना ती मुखपृष्ठाला चिकटली की शाईसकट कागद सोलला जातो.