1,323 चं बिल, 336 चा हिशेब

हॉटेलवाल्यांनो, आधी एक काम करा. तुमच्या बिलिंग सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये जा आणि बिल छापून झाल्यावर त्यातले आयटेम काढायची मुभा कोणाकोणाच्या लॉगिनला आहे ते बघा. बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

पुण्यातलं 14 टेबलांचं शाकाहारी हॉटेल. 118 दिवसांत 3,41,780 रुपये गेले. कुणी ओटीपी मागितला नाही, कुठली लिंक आली नाही. गल्ल्यावरच्या माणसाने माझ्याच मशीनवर, माझ्याच पिनने नेले.

पद्धत जुनी आहे, तुम्हालाही माहीत असेल. मलाही 'माहीत' होती, म्हणून आकड्यांसकट सांगतो. टेबलावर पनीर टिक्का मसाला 260, व्हेज कोल्हापुरी 220, दाल तडका 180, जीरा राईस 160, आठ बटर रोट्या 280, चार ताक 160. एकूण 1,260, वर 5 टक्के जीएसटी 63, बिल 1,323. गिऱ्हाईक रोख देऊन जातं. बिल मात्र लगेच सेटल होत नाही (म्हणजे पैसे मिळाल्याची नोंद होत नाही), स्क्रीनवर 'प्रिंटेड' म्हणून लटकत राहतं. गिऱ्हाईक पार्किंगमधून गाडी काढेपर्यंत मॅनेजरचा पिन टाकून बिल उघडायचं, दाल तडका आणि चार रोट्या ठेवायच्या, बाकी सगळं 'कस्टमर कॅन्सल' म्हणून उडवायचं आणि 336 रोख म्हणून सेटल करायचं. 987 रुपये खिशात. बिल नंबर तोच राहतो, त्यामुळे क्रमात भोक पडत नाही. असली रोज तीन-चार बिलं, फक्त रोखीची. यूपीआयला हात लावला नाही, कारण तिथे बँकेत आलेली रक्कम चुगली करते.

म्हणूनच रिपोर्टमध्ये रोखीचा वाटा महिन्यागणिक उतरत होता. मी म्हटलं, काळ बदलला, चहाच्या टपरीवर क्यूआर आहे तर आपल्याकडे का नसेल.

आणि गल्ला रुपयाला रुपया जुळायचा. रोज! खरा गल्ला दहा-वीस रुपयांनी चुकतोच. कुणाला सुटे जास्त जातात, कुणी दोन रुपये सोडतो. सलग महिनाभर चोख जुळणारा गल्ला दिसला तर कौतुक करू नका, ड्रॉवर उघडा आणि दुपारी चार वाजता, शिफ्टच्या मध्यावर, न सांगता मोजा. खिशात जायच्या आधीची जादा रोकड तिथेच सापडते.

पनीर तर ओरडून सांगत होतं. प्लेटला 120 ग्रॅम, म्हणजे 6 किलोत 50 प्लेटा. सिस्टीम 38 दाखवायची. मी वस्तादला, म्हणजे मुख्य स्वयंपाक्याला, झापलं, वजनकाटा आणून त्याच्यासमोर ठेवला. तो बिचारा गप्प राहिला. त्याची माफी मागताना मान वर झाली नाही.

पण सगळ्यात जास्त डोक्यात जातो तो 47 वा दिवस. एक नेहमीचे गृहस्थ आदल्या रात्रीचं बिल घेऊन आले, कंपनीच्या नावाने आणि जीएसटी नंबरसकट हवं होतं. वर दिलंय तेच बिल. कागदावर 1,323, नंबर टाकला तर स्क्रीनवर 336. दोन्ही माझ्या डोळ्यांसमोर. कॅशियर शांतपणे म्हणाला, "शेठ, काल नेट गेलं होतं, सिंक व्हायचं राहिलंय." आणि मी मान डोलावली! गृहस्थांची माफी मागून हाताने बिल लिहून दिलं. तसलं सिंक चुकलं तर अख्खं बिल गायब होतं, निवडून चार भाज्या गायब होत नाहीत, एवढं मला कळायला हवं होतं. पुढे आणखी 71 दिवस चाललं.

पिन त्याच्याकडे का होता, असं विचाराल. रविवारी रात्री नऊला सगळी टेबलं भरलेली, बाहेर पंधरा माणसं उभी, दर पाच मिनिटांनी रोटी कॅन्सल; प्रत्येक वेळी गल्ल्यावर धावणार कोण? पिन मशीन बसवणाऱ्याने ठेवला होता तोच: 1234. हसा खुशाल, मग जाऊन आपला बदला.

पुराव्याची तऱ्हा बघा. किचनमध्ये निघालेल्या केओटी (ऑर्डरच्या चिठ्ठ्या) खिळ्याला लावलेल्या होत्या, त्या बिलांशी ताडता आल्या असत्या. पण बिलिंग मशीनच्या विक्रेत्याने भट्टीजवळही थर्मल प्रिंटर दिला होता. थर्मल कागद उष्णतेने काळा पडतो, निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या कोळसा झाल्या. किचनला रिबनचा प्रिंटरच घ्या. आवाज करतो, पण अक्षर टिकतं.

मग विक्रेत्याकडे केओटीचा लॉग मागितला. बिलातून आयटेम उडाला तरी केओटीची नोंद त्यांच्या सर्व्हरवर राहते. "तो रिपोर्ट तुमच्या प्लॅनमध्ये नाही सर." 12,500 अधिक 18 टक्के, म्हणजे 14,750 भरले, तेव्हा 3,41,780 चा आकडा कळला. कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला 1 एप्रिल 2023 पासून बदलांची नोंद सक्तीची आहे. आम्ही पडलो प्रोप्रायटर, कंपनी नाही, आम्हाला ती विकत.

मग पोलिसांकडे गेलो. चौकीने ठाण्यात पाठवलं. ठाण्यात "कॉम्प्युटरचं आहे ना, सायबरला जा." सायबरवाले म्हणाले, पैसे ऑनलाइन गेले नाहीत, आमचं काम नाही. परत ठाण्यात: "पगाराचा वाद दिसतोय, आपसात मिटवा." भारतीय न्याय संहितेत नोकराने केलेल्या विश्वासघाताला कलम 316(4) आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, हे मी वाचून दाखवायचं! चार फेऱ्यांनंतर साधा अर्ज घेतला, पोच शिक्का मारून. गुन्हा नाही. वर सांगितलं की लॉगला साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र (कॉम्प्युटरमधली नोंद पुरावा म्हणून धरायला लागतं ते) आणा. ते विक्रेत्याने द्यायचं, आणि विक्रेता म्हणतो, आमच्या लीगल टीमला मेल करा. तीन मेल झाले. तुम्ही मशीन घेतानाच करारात लिहून घ्या: लॉग फुकट, प्रमाणपत्र सात दिवसांत. आणि ठाण्याने गुन्हा घेतला नाही तर वरिष्ठांना टपालाने लेखी तक्रार पाठवा, पावती जपा. मी आता पाठवली आहे.

कराचं तर विचारूच नका. गिऱ्हाइकाने 63 रुपये जीएसटी दिला, मी सरकारला भरला 16. सीए म्हणाले, कागदावर तुमचा जीएसटी नंबर आहे, कर तुमचाच. 16,275 रुपये, वर वर्षाला 18 टक्के दराने व्याज. चोरी झाली माझी आणि चोरीवर कर भरायचा मी.

सध्या प्रत्येकाला वेगळं लॉगिन दिलंय, छापलेलं बिल बदललं की माझ्या फोनवर मेसेज येतो, आणि रात्री केओटीतल्या प्लेटा विरुद्ध बिलातल्या प्लेटा ही एकच गोष्ट बघतो. वीस मिनिटं लागतात.

परवा विक्रेत्याचा मेसेज आला: नूतनीकरणाचे 10,620 रुपये बाकी, न भरल्यास 30 दिवसांनी डेटा पुसला जाईल. पुरावा तिथेच पडलाय. भरले.