मोडीत गेलेली पितळी भांडी आणि 'सात थरांचा' संच

दिवाळीच्या आधी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये (पुणे, सिंहगड रोड) 'सात थरांच्या' स्टीलच्या भांड्यांचा संच विकण्यासाठी 'आरोग्यदायी स्वयंपाका'चं प्रात्यक्षिक झालं. चहा-नाश्ता फुकट, येणाऱ्या प्रत्येकीला एक चाकू भेट. त्या संध्याकाळी आमचे चौतीस हजार रुपये गेले आणि सासूबाईंची तांब्या-पितळेची जुनी भांडीही गेली. असे कार्यक्रम इतर सोसायट्यांतही चालू आहेत, म्हणून ते कसे रंगवतात ते सविस्तर लिहिते.

सगळ्यात परिणामकारक प्रयोग खायच्या सोड्याचा. विक्रेत्याने शेजारच्या काकूंचं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं मागून घेतलं. त्यात आणि स्वतःच्या भांड्यात पाणी नि चमचाभर सोडा घालून उकळलं, आणि दोन्हीकडचं पाणी आम्हाला चाखायला दिलं. अ‍ॅल्युमिनियममधलं पाणी खरंच घाणेरडं लागलं, पातेलंही काळवंडलं. "मावशी, हेच रोज पोटात जातंय!" सासूबाईंचा चेहराच उतरला.

प्रयोगात हातचलाखी काही नव्हती. सोडा उकळला की पाणी जास्त क्षारयुक्त होतं आणि अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर त्यात विरघळतो. पण सोड्याचं पाणी उकळून पितं कोण? आंबट आमटी अ‍ॅल्युमिनियममध्ये करू नये, एवढं खरं, आणि ते आपल्या आज्यांनाही माहीत होतं. खरी मेख वेगळीच. माझ्या जावेने घरचं साधं स्टीलचं पातेलं पुढे केलं तेव्हा "ते नंतर बघू, ताई" म्हणून बाजूला ठेवलं, आणि ते 'नंतर' आलंच नाही. त्या पातेल्यातलं पाणीही अगदी त्यांच्यासारखंच लागलं असतं.

मग लोहचुंबक. भांड्याच्या कडेला लावून दाखवला, चिकटला नाही, "म्हणजे शुद्ध सर्जिकल स्टील!" एक तर सर्जिकल स्टील हे कुठल्या एका ठरावीक प्रतीचं नाव नाही. दुसरं, ३०४ प्रतीचं स्टील (साधारण १८ टक्के क्रोमियम, ८ टक्के निकेल) चुंबकाला चिकटत नाही, तसंच निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं स्वस्त २०२ प्रतीचं स्टीलही चिकटत नाही. चुंबकाने या दोघांतला फरक कळत नाही, आणि डोळ्यांनी तर नाहीच. पाण्याशिवाय पालेभाजी शिजवून दाखवली त्यावर टाळ्या पडल्या. ताटलीत पाणी ठेवून वाफेवर भाजी करणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवाव्यात याचं मला अजून हसू येतं.

शेवटी मोडीचा विषय निघाला. "कल्हईवाला आता येतो कुठे? पितळेत ताक कळकतं, भांडी माळ्यावर पडून राहतात." हे सगळं खरंच होतं. सासूबाईंनी दोन पातेली, परात, घंगाळ आणि तांब्याचा हंडा काढून दिला. तांबं-पितळ एकाच ताणकाट्यावर, एकाच दराने, ३०० रुपये किलो! तांब्याचा भाव पितळेपेक्षा बराच जास्त असतो, पण हॉलमध्ये मागे बायकांची रांग लागलेली आणि "आजचाच दर" चालू. २६ किलोंचे ७,८०० झाले. ६८ हजारांचा संच 'आज फक्त' ४२ हजारांना. उरलेले ३४,२०० क्रेडिट कार्डावर, बारा हप्त्यांत.

प्रात्यक्षिकातलं, मधोमध कापून सात थर दाखवणारं भांडं ते परत घेऊन गेले. आम्हाला खोकी नंतर घरपोच आली. आणणाऱ्या मुलाने खोकं उघडण्याआधीच 'माल तपासून घेतला' या ओळीवर सही घेतली.

वापरायला लागल्यावर खीर गोल रिंगणात करपू लागली, जिथे तळ संपून कड सुरू होते नेमकी तिथे. रविवार पेठेतल्या एका भांडेवाल्यांना पातेलं दाखवलं. त्यांनी बुडाच्या कडेवरून नख फिरवलं. "वहिनी, हे सँडविच बॉटम. खाली चकती बसवलीय, कडा एकपदरी पातळ." इंडक्शनवर चालणाऱ्या खऱ्या ट्रायप्लायमध्ये (स्टीलच्या दोन थरांत अ‍ॅल्युमिनियम असलेल्या भांड्यात) अ‍ॅल्युमिनियमचा थर काठापर्यंत जातो आणि चुंबक बाहेरून बुडाला नि कडेलाही चिकटतो. आमच्याकडे तो फक्त बुडाला चिकटला. म्हणजे कडेला चुंबक न चिकटणं, जे हॉलमध्ये गुण म्हणून मिरवलं, तीच या संचाची उणीव होती! असा संच त्यांच्याकडे सात-आठ हजारांत मिळतो म्हणाले. म्हणजे त्याची किंमत सासूबाईंच्या मोडीतूनच वसूल झाली होती.

बिलावर 'गृहोपयोगी संच १ नग' एवढंच. स्टीलची प्रत नाही, जीएसटी क्रमांक नाही. 'आजीवन वॉरंटी'च्या कार्डावरचा फोन बंद. बँक म्हणते, व्यवहार तुम्हीच केलात, हप्ते भरावे लागतील. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, पण विरुद्ध पक्षाचा पत्ता लागतो आणि आमच्याकडचा पत्ता एका भाड्याच्या गाळ्याचा निघाला.

तुमच्या हॉलमध्ये असा कार्यक्रम ठरला तर घरचं स्टीलचं पातेलं घेऊन जा आणि सोड्याचा प्रयोग त्यात करायला सांगा. प्रत आणि थर बिलावर लिहून मागा, खोकं उघडल्याशिवाय सही करू नका. मोड द्यायचीच असेल तर आधी तांब्या-पितळेच्या दुकानात दर विचारा, दोन्ही धातूंचं वजन वेगळं करून घ्या आणि त्याची वेगळी पावती मागा. आमची भांडी परत मागायला गेलो तेव्हा ती किती होती याचासुद्धा लेखी पुरावा आमच्याकडे नव्हता.