वॉशिंग्टन ब्लेड आणि बे एरिया रिपोर्टर: दोन शहरे, दोन वाटा

अमेरिकेतील समलिंगी समाजाच्या या दोन जुन्या वृत्तपत्रांपैकी ‘वॉशिंग्टन ब्लेड’ १९६९ साली एका पानाच्या पत्रकाच्या रूपाने निघाले, तर ‘बे एरिया रिपोर्टर’ १९७१ साली सॅन फ्रान्सिस्कोत. मोठी दैनिके या समाजाची दखल घेत नव्हती, तेव्हा दोघांचे काम सारखेच होते.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. राजधानीतल्या ब्लेडने व्हाइट हाउस, संसद आणि न्यायालये यांच्या वार्तांकनावर भर दिला; २००९ मध्ये मालक कंपनी दिवाळखोरीत जाऊन ते बंद पडले, तरी कर्मचाऱ्यांनी लगेच दुसऱ्या नावाने साप्ताहिक काढले आणि पुढच्या वर्षी जुने नाव परत मिळवले. ही जिद्द थोर आहे. रिपोर्टर मात्र आपल्या शहराचेच राहिले. एड्सच्या काळात त्याने आठवड्यामागून आठवडे मृत्युलेख छापले, आणि ऑगस्ट १९९८ मध्ये एका आठवड्यात एकही मृत्युलेख आला नाही, हीच पहिल्या पानावरची ठळक बातमी ठरली.

विवाहहक्कासारखे विषय आता मोठी माध्यमेही हाताळतात, त्यामुळे ब्लेडच्या राष्ट्रीय बातम्यांना काही प्रमाणात पर्याय सापडतो. शहराच्या आरोग्यनिधीचा हिशेब या समाजाच्या बाजूने विचारणारे मात्र फारसे कोणी उरत नाही. म्हणूनच, स्थानिक जाहिराती इंटरनेटकडे वळल्याने ती अधिक खडतर झाली असली, तरी रिपोर्टरची वाट मला अधिक गरजेची वाटते.