महापौर थेट निवडावा की नगरसेवकांमधून? कौल देण्याआधी

महापालिका निवडणुकीचे वारे वाहू लागले की एक मागणी हमखास कानावर येते: महापौर थेट जनतेतून निवडा. गावचा सरपंच थेट निवडतो, नगरपालिकेचा नगराध्यक्ष थेट निवडतो, मग पुण्याचा किंवा नाशिकचा महापौरच तेवढा नगरसेवकांनी का ठरवायचा? प्रश्न रास्त आहे. पण दोन्ही पद्धती तोलताना आदर्श महापौर डोळ्यांपुढे ठेवू नका. कर्तबगार माणूस कुठल्याही पद्धतीत काम करून दाखवतो. अर्ध्या शहराला हवाहवासा आणि उरलेल्या अर्ध्याला नकोसा झालेला महापौर डोळ्यांपुढे आणा. पद्धतीचा कस तिथे लागतो.

थेट निवडीबाबत सर्वांत जास्त शिकवून जाते ते कॅनडातले टोरोंटो. १९९७ मध्ये मतदारांनी मोठ्या बहुमताने विरोधी कौल दिला असतानाही प्रांतिक सरकारने १९९८ साली सहा नगरपालिका एकत्र करून एकच महानगर बनवले. मध्यभागी ट्राम, सायकली आणि उंच इमारतींचे जुने शहर, भोवती इटोबिको, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो ही मोटारींवर चालणारी उपनगरे. दोघांचे प्रश्न वेगळे, राग वेगळा. २०१० मध्ये रॉब फोर्ड यांनी नेमकी ही फट हेरली. पालिकेतली उधळपट्टी थांबवीन, मोटारचालकांच्या मागे लागलेला ससेमिरा सोडवीन, हा त्यांचा प्रचार. नगरसेवक असताना ते नागरिकांच्या फोनला स्वतः उलट फोन करत. ज्यांच्या तक्रारीला वर्षानुवर्षे कुणी भीक घातली नव्हती, त्यांना हा माणूस आपला वाटला. उपनगरांनी त्यांना उचलून धरले, जुन्या शहराचा बराचसा भाग प्रतिस्पर्ध्याकडे गेला. फोर्ड सुमारे ४७ टक्के मतांवर महापौर झाले. म्हणजे निम्म्याहून जास्त मतदारांनी दुसऱ्या कुणाला तरी पसंती दिली होती.

मे २०१३ मध्ये त्यांच्या अमली पदार्थ सेवनाच्या चित्रफितीची बातमी आली. काही महिने इन्कार झाला, नोव्हेंबरमध्ये कबुली आली. आता काय करायचे? या कारणासाठी महापौराला घरी पाठवायचा अधिकार नगर परिषदेला नव्हता आणि मतदारांनाही नव्हता. परिषदेने मग त्यांचे बरेचसे अधिकार आणि कार्यालयाचा अर्ध्याहून अधिक निधी काढून उपमहापौरांकडे दिला. पद तसेच राहिले. वर्षभर शहराला नावाचा एक महापौर होता आणि कामाचा दुसरा. २०१४ मध्ये आजारपणामुळे त्यांनी महापौरपदाची उमेदवारी मागे घेतली आणि भाऊ डग फोर्ड उभे राहिले. ते हरले, पण एक तृतीयांश मते त्यांनाही मिळाली. आणि रॉब फोर्ड त्याच निवडणुकीत आपल्या जुन्या प्रभागातून नगरसेवक म्हणून निवडून आले.

या मतदारांना वेडे ठरवणे सोपे आहे, पण तो अन्याय होईल. आपल्याला कुणी विचारत नाही ही त्यांची भावना खरी होती आणि थेट निवडीमुळेच तिला पालिकेत आवाज मिळाला. ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. खोट एवढीच की शहराच्या एका भागाचा राग ज्या निकालातून सत्तेवर येतो, त्याच निकालातून दुसरा भाग चार-पाच वर्षे बाहेर राहतो. मधल्या काळात दुरुस्तीला वाव नसतो.

आता आपल्याकडची पद्धत. मुंबईत २२७ नगरसेवक. महापौर झालेल्या व्यक्तीला मते मिळालेली असतात ती एका प्रभागात, उरलेल्या शहराने तिचे नावही मतदानयंत्रावर पाहिलेले नसते. मुंबई सोडली तर बहुतेक महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग. अ, ब, क, ड अशा गटांत तीन-चार मते देऊन मतदार बाहेर पडतो, आणि गटार तुंबल्यावर चौघांपैकी कुणाचे दार ठोठवायचे हे त्याला कळत नाही. निकालानंतर काठावरचे बहुमत असेल तर नगरसेवकांना 'सहली'वर नेले जाते. गटनेता व्हीप काढतो, बैठका हॉटेलात होतात, आणि महापौरपदाचे नाव पक्षाच्या वरिष्ठांकडून बंद पाकिटात येते. मुदत अडीच वर्षांची, त्यातही इच्छुक जास्त असले की सव्वा-सव्वा वर्षाची वाटणी. शहराची ओळख होते न होते तोच खुर्ची बदललेली असते.

तरीही वादग्रस्त महापौराच्या कसोटीवर हीच पद्धत काही बाबतीत उजवी ठरते, हे मान्य करायला हवे. महापौर डोईजड झाला की पक्ष राजीनामा घेतो आणि महिन्याभरात दुसरा बसतो. पूर्व भाग विरुद्ध पश्चिम भाग, झोपडपट्टी विरुद्ध सोसायट्या ही भांडणे सभागृहात येतात आणि तिथे देवाणघेवाण करावीच लागते. सगळे शहर एका माणसाच्या बाजूने किंवा विरोधात उभे राहत नाही. दुखणे हे की महापौराला हटवणारा हात मतदाराचा नसतो. घोटाळ्याच्या आरोपानंतरही पक्षाला गरज असेल तर तोच माणूस टिकतो, आणि आरोप नसतानाही गटबाजीत चांगला माणूस जातो.

दोन्हींच्या मुळाशी एक गोष्ट आहे आणि थेट निवडीच्या प्रचारात ती सहसा सांगितली जात नाही. महाराष्ट्रात कार्यकारी अधिकार महापालिका आयुक्तांकडे असतात आणि आयुक्त राज्य सरकार नेमते. मुंबईचा १८८८ चा कायदा असो की इतर महापालिकांचा १९४९ चा, मांडणी हीच. तिजोरीच्या चाव्या स्थायी समितीकडे. महापौर सर्वसाधारण सभा चालवतो, पाहुण्यांचे स्वागत करतो. मार्च २०२२ मध्ये मुंबईच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे वर्षानुवर्षे प्रशासकाने कारभार पाहिला. महापौर नसताना पालिका चालू शकते, हे आपण सगळ्यांनी पाहिले. १९९८ साली मुंबईत महापौर परिषदेचा प्रयोग करून लोकप्रतिनिधींना कार्यकारी अधिकार दिले गेले होते, पण तो लवकरच गुंडाळला गेला.

अधिकाराविना थेट निवड केली तर काय होते, त्याचे उत्तर शिमल्यात आहे. २०१२ मध्ये तिथे महापौर आणि उपमहापौर थेट निवडले गेले. दोन्ही पदे मार्क्सवादी पक्षाने जिंकली, पण सभागृहात त्या पक्षाचे नगरसेवक मोजकेच होते. मतदारांनी एका मतदानात दोन उलट कौल दिले. पुढे थेट निवडीची तरतूदच काढली गेली. आपल्याकडच्या नगरपालिकांतही नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे हा अनुभव नवा नाही. त्यात कायदा सरकारागणिक बदलतो: २०१६ मध्ये थेट नगराध्यक्ष आला, २०२० मध्ये गेला, २०२२ मध्ये परत आला. ज्या पक्षाला ज्या पद्धतीत फायदा, त्याने ती आणायची. शहराचे हित त्यात कुठे आहे, ते मला दिसत नाही.

मग काय निवडायचे? तुमच्या शहरात एकाच भागाचे किंवा एकाच समाजाचे संख्याबळ मोठे असेल आणि बाकीचे विखुरलेले असतील, तर थेट निवडीत विखुरलेले कायम हरतील. त्यांनी सध्याच्या पद्धतीला धरून राहावे. सभागृहात त्यांचे पाच-सात नगरसेवकही सौदा करू शकतात. याउलट जिथे पाच वर्षांत तीन-चार महापौर होतात आणि कुणालाच जाब विचारता येत नाही, तिथे थेट निवडीची मागणी योग्य आहे. मात्र तीन तरतुदी सोबत हव्यात. आयुक्त महापौराला उत्तरदायी असावा. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मते मिळाली नाहीत तर पहिल्या दोघांत दुसरी फेरी व्हावी, म्हणजे एका भागाच्या रागावर निवडून येणाऱ्याला दुसऱ्या भागाचे दारही ठोठवावे लागेल. आणि मधल्या काळात हटवण्याचा मार्ग मतदाराकडे असावा. मध्य प्रदेशात नगराध्यक्षांसाठी तो आहे: तीन-चतुर्थांश नगरसेवकांनी प्रस्ताव दिला की लोक 'भरी कुर्सी' (अध्यक्ष राहू द्या) किंवा 'खाली कुर्सी' (अध्यक्ष हटवा) यावर मत देतात.

या तिन्हींतली एकही तरतूद न देता नुसती थेट निवड पुढे केली जात असेल, तर माझे मत विरोधात जाईल. मुंबईसारख्या शहरात थेट महापौर म्हणजे ३६ विधानसभा मतदारसंघांतून निवडून आलेला एक माणूस. एवढे बळ कुठलेही राज्य सरकार सहजासहजी दुसऱ्याच्या हाती देणार नाही. म्हणून प्रचाराला येणाऱ्याला विचारा, आयुक्तांची नेमणूक कोण करणार? त्यावर तो अडखळला, तर त्याच्या थेट महापौराला खुर्ची मिळेल, अधिकार मिळणार नाहीत.