एका क्लिकचे दोन क्लिक करणारा माऊस: स्विच बदलल्यानंतरचे नऊ महिने

रत्नागिरीत घरच्याच एका खोलीत मी गेली वीसेक वर्षे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवण्याचे, काम करते. लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणे, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, देवस्थानांची माहितीपत्रके असे कामाचे स्वरूप आहे, आणि ते सगळे आजही २०११ साली घेतलेल्या एका वर्कस्टेशनवर चालते. झिऑन प्रोसेसर, चुका आपोआप सुधारणारी ईसीसी मेमरी, ३२ बिटी विंडोज ७ आणि मागे पॅरलल पोर्टात अडकवलेले फाँटच्या सॉफ्टवेअरचे डोंगल, म्हणजे ते सॉफ्टवेअर चालू करणारी किल्ली, असा हा सरंजाम आहे. हे यंत्र अजून का बाळगले आहे, असे महिन्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतेच. पाने जुळवण्याच्या पेजमेकर या सॉफ्टवेअरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ सालची. माझ्या शेकडो फायली तिच्यात, युनिकोड या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या आधीच्या फाँटांत जुळवलेल्या आहेत, आणि त्या दुसऱ्या यंत्रावर उघडल्या की ‘श्री’च्या जागी भलतेच चिन्ह उमटते. विंडोज ७ ला मिळणाऱ्या सुरक्षा सुधारणा जानेवारी २०२० मध्ये थांबल्या, म्हणून या यंत्राला मी इंटरनेट जोडत नाही. ते कामाला जुंपलेले आहे आणि तेवढेच त्याने करावे.

या यंत्राबरोबरचा माऊसही जुनाच, तारेचा, तीन बटणांचा आहे. गेल्या वर्षी जूनमध्ये त्याने त्रास द्यायला सुरुवात केली. पेजमेकरमध्ये ओळीत कर्सर ठेवण्यासाठी एकदा क्लिक करावे, तर अख्खा शब्दच निवडला जायचा, आणि ते लक्षात येण्याआधी पुढची कळ दाबली गेली की तो शब्द नाहीसा व्हायचा. कोरल ड्रॉ या चित्रे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तर आणखी वाईट प्रकार होता. तिथे शेप टूलने नोडवर, म्हणजे रेषेच्या वळणबिंदूवर, दोनदा क्लिक केले की तो नोड पुसला जातो, त्यामुळे पत्रिकेच्या वेलबुट्टीची किनार नीट करायला बसावे तर एकेक पाकळी हळूहळू चपटी होत जायची. एका पत्रिकेतून ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ यातला ‘श्रीकृपेकरून’ हा शब्दच उडाला होता. मुलीच्या मामांनी प्रूफ वाचताना तो दोष पकडला म्हणून बरे, नाहीतर पाचशे प्रती छापून झाल्या असत्या.

दुरुस्तीत माझे जवळजवळ दोन महिने गेले, आणि ते का गेले हेच इथे विस्ताराने सांगायचे आहे, कारण बटणाखालचा स्विच बदलण्याचे प्रत्यक्ष काम पाऊण तासाचे होते.

पहिला संशय तारेवर आला. माऊसच्या मानेपाशी तार वाकून वाकून आतून तुटते, पण तसे झाले असते तर पॉइंटर मधूनच थिजला असता आणि यूएसबी निघाल्याचा आवाज आला असता. तसे काहीच होत नव्हते. माझ्या टेबलाचा चकचकीत सनमायका ऑप्टिकल सेन्सरला फसवू शकतो, म्हणून खाली साधा कोरा कागद ठेवून पाहिला. सेन्सरच्या भोकात अडकलेला एक केसही चिमट्याने काढला. पॉइंटर थोडा शहाणा झाला, क्लिकचा दोष मात्र तसाच राहिला. मग कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन डबल क्लिकचा वेग वाढवला. विंडोजमध्ये दोन क्लिकमधले अंतर मुळात ५०० मिलिसेकंदांपर्यंत चालते आणि पट्टी शेवटपर्यंत सरकवली तरी ते २०० च्या खाली जात नाही. हा उपाय का लागू पडला नाही, ते पुढे प्रत्यक्ष मोजमाप केल्यावर कळले.

माऊसच्या खोक्यात यूएसबीचे पीएस/२, म्हणजे माऊसची जुनी गोल जोडणी, करणारा हिरवा कनेक्टर होता. हे कनेक्टर कुठल्याही माऊसला चालत नाहीत. ज्या माऊसच्या आतल्या चिपला दोन्ही भाषा येतात त्यालाच चालतात, आणि माझ्या माऊसला त्या येत होत्या. पीएस/२ ची जोडणी चालू यंत्रावर करायची नसते, म्हणून यंत्र पूर्ण बंद केले, माऊस हिरव्या पोर्टात लावला आणि पुन्हा सुरू केले. दोष तिथेही दिसला. पोर्ट, यूएसबीची चिप आणि ड्रायव्हर हे तिन्ही एका फटक्यात बदलूनही दोष टिकला होता, म्हणजे तो माऊसच्या आतच असणार, एवढे तेव्हाच कळायला हवे होते. ते मला कळले नाही, कारण त्याच संध्याकाळी भाचा आला आणि त्याच्या लॅपटॉपला हाच माऊस लावला, तर तिथे तो एखाद्या गुणी मुलासारखा वागला. अर्धा तास खटाखट क्लिक केले, एकही जादाचा क्लिक नाही. झाले, खापर वर्कस्टेशनवर फुटले. पुढचे दोन आठवडे मी माऊसचे ड्रायव्हर काढून पुन्हा घालणे, बायॉस या यंत्राच्या मूळ प्रणालीतल्या यूएसबीच्या सेटिंग बदलणे, वीज वाचवण्यासाठी पोर्ट बंद करण्याची सोय काढून टाकणे, अशा उद्योगांत घालवले. गावातल्या एका दुकानदाराने यंत्र न उघडताच “मदरबोर्ड जुना झालाय ताई, आता किती दिवस ओढणार?” असा निकाल दिला.

खरी गोम पुढच्या भेटीत भाच्याच्याच लक्षात आली. त्याच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. उबुंटूच्या पडद्यामागे माऊसचे संकेत लिबइनपुट नावाची प्रणाली हाताळते, आणि बटण सुटून जवळजवळ २५ मिलिसेकंदांच्या आत पुन्हा दाबले गेले तर तो स्विचचा थरथराट आहे असे समजून ती तो परस्पर गिळून टाकते. म्हणजे माऊस तिथेही दोन क्लिक पाठवतच होता, आम्हाला ते दिसत नव्हते एवढेच. ‘दुसऱ्या यंत्राला लावून बघा’ हा सगळ्यांच्या तोंडी असलेला सल्ला माझ्या बाबतीत साफ चुकीच्या दिशेला घेऊन गेला.

मग त्याने टर्मिनलमध्ये ईव्हीटेस्ट हा लहानसा प्रोग्रॅम चालू केला. मधली चाळणी टाळून थेट कर्नलकडून, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडून, आलेले संकेत वेळेसकट तो छापतो. डाव्या बटणाचा कोड २७२ आहे. दाबले की त्यापुढे १ उमटतो, सोडले की ०. मी बटण एकदाच, सावकाश, मनात आकडा मोजत दाबत होते आणि पडद्यावर १, ०, १, ० अशा चार ओळी पडत होत्या. पहिल्या शून्यापासून दुसऱ्या एकापर्यंतचे अंतर कधी ८, कधी १६, कधी २४ मिलिसेकंदांच्या आसपास होते. हे आकडे आठच्या पाढ्यात बसतात, कारण यंत्र या माऊसला सेकंदाला १२५ वेळा, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी विचारणा करते. मुद्दाम घाईघाईने दोनदा दाबून पाहिले तरी माझ्या बोटाला १०० च्या खाली जाता आले नाही. विंडोजची २०० ची मर्यादा इथे का कुचकामी ठरली, ते यातून उलगडले. शंभरदा दाबले तेव्हा १३१ दाब नोंदले गेले. उजव्या बटणाचे शंभराचे शंभरच आले.

याचे कारण कुठल्याही चिपमध्ये नसते, ते बटणाखालच्या मायक्रोस्विचमध्ये असते. आत तांब्याच्या मिश्रधातूची एक पातळ पट्टी असते. दाब आला की ती टचकन खाली पलटते आणि संपर्कबिंदूला टेकते. वर्षानुवर्षे वापरून पट्टीचा ताण सैलावतो, बिंदूवर ऑक्साइडचा थर धरतो, आणि माऊसमधला प्रवाह इतका क्षीण असतो की तो थर जाळून साफ होण्याइतकी ठिणगीही पडत नाही. आमच्याकडची दमट आणि खारी हवा या कामाला मदतच करते. दोष नेमका पावसाळ्याच्या तोंडी का सुरू झाला, याचे मला तेवढेच स्पष्टीकरण सुचते.

मधल्या काळात केलेल्या दोन तात्पुरत्या उपायांविषयीही लिहिते, कारण बहुतेक जण तिथेच थांबतात. पहिला उपाय सॉफ्टवेअरचा होता. ६० मिलिसेकंदांच्या आत आलेला दुसरा क्लिक टाकून देणारी एक छोटी स्क्रिप्ट मी बसवली. शब्द निवडले जाणे थांबले, पण चित्र ओढून नेताना ते वाटेतच गळून पडायचे, कारण दाबलेल्या स्थितीत संपर्क क्षणभर तुटला की यंत्राला बटण सुटल्याचे कळते, आणि ही स्क्रिप्ट सुटण्याकडे पाहतच नव्हती. दुसरा उपाय म्हणजे स्विच उघडून पट्टीचा बाक नखाने किंचित वाढवणे. हे मी केले आणि पुन्हा कधी करणार नाही. वरचे पांढरे बटण तांदळाच्या कणीएवढे असते. ते उडाले आणि पाऊण तासाने शिलाई मशीनच्या पायट्याखाली सापडले. एवढे करून तीन आठवडे सुखाचे गेले, नंतर पुन्हा तेच सुरू.

अखेर सप्टेंबरात ओमरॉनचे डी२एफ-०१एफ हे स्विच मागवले. पाच नगांना टपालखर्चासह साडेतीनशेच्या आसपास पडले. अगदी क्षीण प्रवाहासाठी केलेला हा स्विच आहे, संपर्क सोन्याच्या मिश्रधातूचे आहेत, त्यामुळे ऑक्साइडची कटकट मुळातच कमी. मापाने १२.८ गुणिले ५.८ मिलिमीटर, म्हणजे जुन्याच्या जागी तंतोतंत बसतो. माऊसचे स्क्रू तळाच्या गुळगुळीत पट्ट्यांखाली लपलेले असतात. त्या हेअर ड्रायरने गरम करून उचलल्या की पुन्हा चिकटवता येतात. शेजारी टीव्ही दुरुस्त करणारे काका आहेत, त्यांच्याकडून २५ वॅटची सोल्डरिंगची इस्त्री आणि वितळलेले सोल्डर ओढून घेणारा सकर आणला. तीन पायांचे सोल्डर पूर्ण ओढून घेतल्याशिवाय स्विच उपसायचा नाही, नाहीतर बोर्डावरचे तांब्याचे गोल कडे सोबत निघून येते, हे त्यांनी दोनदा बजावले. बसवताना स्विचची दिशा बघून घ्यायची. उलटा बसला तर पांढरे बटण भलत्या टोकाला येते.

आता नऊ महिने झाले. दिवाळीनंतरची आणि चैत्र-वैशाखातली, अशा दोन्ही लग्नसराया या माऊसवर काढल्या. परवा मुद्दाम ईव्हीटेस्टवर पाचशे वेळा दाबून पाहिले, पाचशेच नोंदी आल्या. चित्र ओढताना एकदाही हातातून निसटले नाही. तक्रार एकच आहे. हा स्विच जुन्यापेक्षा बराच हलका आहे, त्यामुळे पहिले पंधरा दिवस नुसते बोट टेकले तरी क्लिक व्हायचा, आणि आवाजही बारीक असल्याने क्लिक झाला की नाही हे बोटाला पटत नसे. आता सवय झाली आहे, पण ज्यांना टणक क्लिक आवडतो त्यांनी याच जातीतला, शेवटी ‘एफ’ नसलेला प्रकार घ्यावा. त्याला जवळजवळ दुप्पट दाब लागतो.

नवा माऊस चारशे रुपयांत येतो, मग एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न योग्यच आहे. मी नवाही घेतला होता. तो चालतो, पण त्याचा वेग माझ्या जुन्या १२८० गुणिले १०२४ बिंदूंच्या पडद्यावर अंगावर येतो, तो बदलण्याचे सॉफ्टवेअर विंडोज १० मागते, आणि तो माझ्या तळहातात बसत नाही. ज्यांना दिवसाला चार मेल पाठवायचे आहेत त्यांनी खुशाल नवा घ्यावा. दिवसाचे आठ तास नोड ओढणाऱ्याने मात्र आधी किती वेळा दाबले आणि किती नोंदले गेले ते मोजून पाहावे आणि मदरबोर्डाला नंतर दोष द्यावा.

पाचातले चार स्विच अजून काडेपेटीत कापसात ठेवलेले आहेत. या आठवड्यात पाऊस सुरू झाला आहे आणि उजव्या बटणाचे काल शंभराला १०२ आले.