काजू, पण शेंगदाण्याच्या भावात (डोंबिवलीतल्या एका सुपरमार्केटबद्दल)

डोंबिवली पूर्वेच्या एका सुपरमार्केटबद्दल लिहितेय. मोठ्या चेनवालं नाही, आधी किराणा दुकान होतं ते वाढत वाढत दोन मजली झालं, तसलं. नाव मुद्दाम टाकत नाहीये, का ते पुढे कळेलच.

आधी मालाचं सांगते कारण माल खरंच चांगला आहे. सुटा माल सगळा खाली, साबण शॅम्पू वगैरे वर. पातळ पोहे चाळून ठेवलेले असतात, पिशवीच्या तळाला भुगा येत नाही, चिवडा करणाऱ्यांना कळेल मी काय म्हणतेय. चकलीची भाजणी खमंग, विकतची असून काळपट नसते. सुका मेवा पण फिरता माल असल्यामुळे ताजा, खवट काजू मला तरी तिथे कधी मिळाला नाही. भाव मॉलपेक्षा थोडे जास्त, पण निवडायला लागत नाही म्हणून मी देते.

आता बिलिंग. दिवाळीच्या खरेदीला गेले होते, तुडुंब गर्दी, घरी येऊन डबे भरायला घेतले तर काजूच्या पुडक्यावर स्टिकर "शेंगदाणे मोठे, 0.500 किलो, 75 रुपये". काजू होते 960 रुपये किलो, म्हणजे 480 व्हायला हवे होते. सरळ 405 रुपयांचा फायदा माझा.

नवरा म्हणाला जाऊन सांग. शेजारच्या काकू तिथेच होत्या, त्या म्हणाल्या अगं लक्ष्मी आलीये चालत ती परत कशाला करतेस, आणि ते काय आपल्याला कमी लुटतात का. आता काकूंचं अगदीच चूक नाही. याच दुकानात पूर्वी सुट्ट्या पैशांऐवजी चॉकलेटं हातात ठेवायचे (यूपीआयमुळे ते बंद झालं, नाहीतर अजून चालू असतं). आणि मागे बेसनावरची ऑफर बिलात लागलीच नव्हती, तेव्हा ते पैसे सोडवायला काय काय केलं म्हणून सांगू. आधी कॅशियर, मग सुपरवायझर, मग रजिस्टरमध्ये सही आणि मोबाईल नंबर, आणि एवढं करून हातात काय तर क्रेडिट नोट, 15 दिवसांत वापरा, कॅश मिळणार नाही. चूक त्यांची, पैसे माझे, आणि मीच उभी गुन्हेगारासारखी. त्यामुळे दुकानाबद्दल मला फार कळवळा होता अशातला भाग नाही, मालकाचे 405 रुपये गेले असते तर त्याला पत्ताही लागला नसता.

पण ते मालकाचे जातात का हा खरा प्रश्न आहे. अशा दुकानांत महिन्याचा स्टॉक मोजतात, काजू कमी भरले की वजनकाट्यावर कोण होतं ते बघतात आणि पगारातून कापतात. कायद्याने असं सरसकट कापता येत नाही, नुकसान त्या माणसाच्या हलगर्जीपणामुळेच झालेलं असायला लागतं आणि आधी त्याला त्याचं म्हणणं मांडू द्यायला लागतं, पण दुकानातल्या पोरींना हे कोण सांगणार आणि सांगितलं तरी त्या कुठे भांडणार. म्हणून मी ठरवलं की सांगायचं, पण शेठला नाही, काट्यावरच्या मुलीला. गल्ल्यावर जाऊन चारचौघांत "तुमच्या माणसाने चूक केली" म्हणून मोठेपणा मिळवायचा आणि ओरडा तिने खायचा, त्यापेक्षा मग न सांगितलेलं परवडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले, गर्दी नव्हती. पुडकं न फोडता तसंच नेलं होतं. काट्यावर तीच मुलगी, वीस-बावीसची असेल. स्टिकर दाखवलं तर आधी तिने गल्ल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हळूच म्हणाली, "ताई, शेठना सांगितलं नाही ना?" म्हटलं नाही गं, म्हणून तर तुझ्याकडे आले.

मग तिने काटा दाखवला. काट्याच्या पॅनेलवर प्रत्येक मालाचं एक बटण असतं, दाबलं की नाव आणि भाव येतो आणि स्टिकर छापून निघतं. 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले ना, बदाम पिस्ते 12 वरून 5 टक्क्यांवर आले वगैरे, तेव्हा यांनी सगळे भाव नव्याने भरले आणि त्यात बटणं पण हलवली. शेंगदाणे आले काजूच्या शेजारी! वरची कागदी नावं निम्मी पुसलेली. ज्याने कोणी हे लावलं त्याच्या पगारातून कापा की काय ते. बरं कॅशियरला पण दोष देता येत नाही, दुकानातच छापलेल्या त्या 2 ने सुरू होणाऱ्या बारकोडमध्ये मालाचा नंबर आणि वजन किंवा रक्कम असते, स्कॅन केलं की कॉम्प्युटर जे म्हणेल ते बिलात, गर्दीत पुडक्यात काय आहे ते बघतो कोण. वजन मात्र बरोबर होतं, काट्यावर वैधमापनचा शिक्का आहे आणि आकडे गिऱ्हाइकाच्या बाजूनेही दिसतात, ते मी बघितलं. चूक फक्त बटणाची.

मी म्हटलं 405 रुपये घे. तर म्हणे असे सुटे पैसे घेताच येत नाहीत, जुनं बिल उघडायला सुपरवायझरचा पासवर्ड लागतो आणि तो शेठला विचारल्याशिवाय टाकत नाही. म्हणजे जास्त घेतलेले परत द्यायची सोय नाही हे मला माहीत होतं, कमी घेतलेले परत घ्यायची पण सोय नाही हे तेव्हा कळलं.

पण पोरगी हुशार. दोन मिनिटं विचार करून म्हणाली, "ताई, तुम्ही काजूचे पूर्ण भरा, आणि शेंगदाण्याचे तर तुम्ही कालच भरलेत, ते आज घेऊन जा." मला आधी कळलंच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला, काल बिल शेंगदाण्याचं फाटलं पण शेंगदाणे गेलेच नाहीत, आज काजूचं बिल फाडलं आणि अर्धा किलो शेंगदाणे दिले की दोन्हीकडचा स्टॉक जुळला, पैसे जुळले, पासवर्ड नको आणि शेठ नको. तिने माझं पुडकं परत काट्यावर ठेवून काजूचं स्टिकर काढलं, शेंगदाणे मोजून दिले, मी काउंटरवर 480 यूपीआय केले. दारातल्या वॉचमनने मात्र अडवलं, शेंगदाणे बिलात कुठायत म्हणून. कालचं बिल काढून दाखवलं, त्यावर त्याचाच पंच. तो पाच मिनिटं दोन्ही बिलं उलटसुलट बघत होता, शेवटी आतून तिने खूण केली तेव्हा सोडलं.

काकूंना सांगितलं तर म्हणाल्या बरं झालं, शेंगदाणे तरी आले.

तर स्टार किती. मालाला चार, काट्यावरच्या मुलींना पाच, बिलाच्या सिस्टिमला एक आणि तोही वॉचमनसाठी. मालकांनी वाचलं तर एवढंच करा, ती दोन बटणं लांब लांब लावा आणि कागदी नावं बदला, पन्नास रुपयांचं काम आहे. आणि चूक दुरुस्त करायचा पासवर्ड कॅशियरकडे पण असू द्या, नाहीतर सांगायला येणारी माणसं दुसऱ्यांदा येणार नाहीत. जास्त पैसे लागले तर आमच्यासाठी ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, कमी लागले तर तुमच्यासाठी कुठलीच हेल्पलाइन नाही, तेव्हा सोय तुम्हीच करून ठेवा.

जाणाऱ्यांनी रविवारी संध्याकाळी जाऊ नका. सुटा माल घेताना स्टिकरवरचं नाव काट्यापाशीच वाचा, तिथल्या तिथे दोन सेकंदांत बदलून मिळतं. आणि भाजणी घ्याच.